तेविसावं कलम

"बावीस कलमं आहेत वस्ताद, आणि एकातही चूक नाही. मग सही करायला अडचण काय आहे?"

सम्मेद मगदूमनं कागद पुन्हा पुढं सरकवले.

दस्तगीर वस्तादांनी कागदांकडं पाहिलं नाही. त्यांच्या मांडीवर सायकलचं एक चाक होतं. ते एकेक आरी बोटानं छेडत, आवाज ऐकत आणि जी सैल लागेल ती पिळत होते.

आंबेखोल घाटाच्या माथ्यावर वस्तादांची पत्र्याची शेड होती. चाळीस वर्षं सायकलस्वार तिथं शिकायला येत होते. नाव नोंदवणं नाही, परीक्षा नाही. खालून अकरा किलोमीटरचा घाट चढून जो शेडपर्यंत येईल, त्याला बसायला पोतं मिळायचं. तोच प्रवेश.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली घाटाची शर्यत जिंकल्यापासून लोक वस्तादांना 'घाटाचा वाघ' म्हणत. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

सम्मेद सतराव्या वर्षी पहिल्यांदा त्या पोत्यावर बसला. आज तो एकोणतीस वर्षांचा होता. तीनदा राष्ट्रीय विजेता. शिवाय युरोपातल्या व्यावसायिक संघात तीन हंगाम काढून आलेला, या भागातला पहिलाच.

गेल्या महिन्यात देशातले पाच नामवंत सायकलस्वार एकाच शर्यतीत डोपिंगच्या चाचणीत सापडले. गदारोळ झाला. खेळ सुधारायला समिती बसली आणि खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून तिच्यावर सम्मेदला घेतलं. त्यानं महिनाभर बसून हा आराखडा लिहिला होता. खाली दस्तगीर वस्तादांची सही असली की कुणाची विरोध करायची छाती होणार नव्हती.

"वाच," वस्ताद म्हणाले.

सम्मेदनं वाचलं. आवाज खणखणीत होता. पहाटे अचानक चाचणी. प्रत्येक खेळाडूच्या रक्ताचं प्रगतिपुस्तक, वर्षानुवर्षं जपलेलं. जुने नमुने दहा वर्षांनी पुन्हा तपासायचे. दोषी ठरेल त्याला जन्माची बंदी...

बाविसावं कलम संपलं. वस्तादांनी आणखी एक आरी पिळली.

"सगळी कुलपं हैत," ते म्हणाले.

"चोरांना कुलपंच लागतात."

"पहाटंची चाचणी आताबी हुतीच की. तरी लोक सुटत्यात?"

"सुटतात. त्याचं गणित असतं. किती घ्यायचं, केव्हा घ्यायचं. दार वाजलंच, तर उघडायला किती वेळ लावायचा..."

सम्मेद थांबला.

वस्तादांच्या बोटाखाली आरी वाजली. स्वच्छ, ताणलेला सूर.

"गणित चांगलं जमतं तुला."

...

बाहेर एसटीनं घाट संपवून सुस्कारा टाकला. माणसं उतरल्याचा, चहाच्या ऑर्डरींचा आवाज आला. सम्मेद कागदांच्या कडा जुळवत राहिला. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

"सगळेच घेत होते, वस्ताद," तो शेवटी म्हणाला.

वस्तादांनी मान वर केली. चेहऱ्यावर ना राग, ना आश्चर्य.

"कधीपास्नं?"

"सात वर्षं झाली. मी बावीसचा होतो. पहिल्या हंगामात पहिल्याच चढावर मागं पडायचो. संघाचा डॉक्टर म्हणाला, तुझं इंजिन चांगलं आहे, तेल कमी पडतंय. रक्तातले लाल कण वाढवायचं इंजेक्शन होतं ते. मी नाही म्हणालो." सम्मेदचा आवाज ताठ झाला. "चार महिने नाही म्हणालो. हे पण ऐका."

"ऐकतोय."

"चार महिने मला शर्यतीला उभं केलं नाही. दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून द्यायचो. पाचव्या महिन्यात म्हणाले, घरी जा. मग..."

"त्या चार महिन्यांत तुझ्या बाजूनं कोण हुतं?"

"कुणी नाही."

"ह्या बावीस कलमांत, जो न्हाई म्हणंल त्याच्यासाठी एखादं हाय?"

सम्मेदनं कागद पाहिले. त्यानंच लिहिले होते ते, पाहायची गरज नव्हती.

"नाही."

"आन त्या डॉक्टरसाठी?"

"डॉक्टर खेळाडू नसतो, वस्ताद. तो आमच्या नियमांत बसत नाही."

"सुई बसती, आन टोचणारा बसत न्हाई?"

सम्मेद चिडला. खिशातलं पेन काढून त्यानं टोपण उघडलं.

"बरं. सांगा तुम्ही. दोन्ही कलमं घालतो. आणखी काय?"

"तुझं नाव घाल."

"प्रतिनिधी म्हणून आहेच की. पहिल्या पानावर."

"तिथलं न्हवं."

सम्मेदचं पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"कोण एवढा खुळा असेल?" तो म्हणाला. "माझी एकही चाचणी वाईट आलेली नाही. पुरावा नाही. मी तोंड उघडलं तर पदकं गेली, नोकरी गेली, गावच्या वेशीवर कमान आहे माझ्या नावाची, ती गेली. बरं, मी गेलो तर ही सुधारणा करणार कोण? आत राहिलो तरच काही बदलेल ना? पहिला बोलणारा मरतो वस्ताद. प्रत्येक वेळी पहिलाच मरतो."

वस्तादांनी चाक भिंतीला टेकवलं.

गुडघ्यांवर हात देऊन ते उठले. चप्पल घातली आणि बाहेर गेले.

सम्मेदला वाटलं, चिडले. तो मागोमाग गेला.

रविवारची सकाळ होती. हौसाबाईच्या चहाच्या टपरीपुढं घाट चढून आलेले पंधरा-वीस सायकलस्वार होते, एसटीचे प्रवासी होते. टपरीच्या फळीवर वस्तादांचा जुना फोटो होता, गळ्यात हार, हातात ढाल. एक मुलगी त्या फोटोपाशी उभी राहून स्वतःचा फोटो काढत होती. वस्ताद दिसताच तिनं वाकून नमस्कार केला.

वस्ताद बाकड्याच्या कडेला उभे राहिले.

"जरा ऐका," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळे गप्प झाले.

"चौऱ्याहत्तर सालची शर्यत मी जिकली न्हाई. सातव्या वळणाला दाट धुकं हुतं. लाकडाचा ट्रक चढत हुता, मागं साखळी लोंबत हुती. मी ती धरली. दोन किलोमीटर धरली. धुकं फाटायच्या आत सोडली. माझ्या मागं कागलचा बळवंत सुतार हुता. त्यो आपल्या पायानं चढून आला. दुसरा आला. ती शर्यत त्याची. बळवंत वारला, त्याला आता सांगता येत न्हाई. म्हणून तुमाला सांगतोय."



स्टोव्हचा तेवढा आवाज येत होता.

मुलीनं फोन खाली घेतला. आपला फोटो ठेवावा की पुसावा, ते तिला कळेना.

एसटीतून उतरलेला एक म्हातारा पुढं आला. डोक्यावर टोपी, हातात अर्धा कप चहा. "लहान पोरगा हुतो मी तुमच्या शर्यतीच्या टायमाला," तो म्हणाला, "कोल्हापुरास्नं चालत आलो हुतो बघायला. पन्नास वर्सं पाया पडतोय तुमच्या." त्यानं कप बाकड्यावर ठेवला, चहा तसाच टाकला, आणि एसटीत जाऊन पाठमोरा बसला.

वस्ताद त्या पाठीकडं पाहत राहिले. एसटी सुटेपर्यंत.

"वस्ताद," हौसाबाई म्हणाली, "चहा टाकू?"

"टाका. साखर कमी."

ते बाकड्यावर बसले. कप हातात घेतला तेव्हा बशीत चहा सांडला. ते सम्मेदनं पाहिलं.

"का केलंत हे?" सम्मेदनं विचारलं. "माझ्यासाठी? मला शिकवायला? पन्नास वर्षांचं नाव घालवलंत!"

"तुझ्यासाठी कशाला?" वस्तादांनी उजव्या हाताचा पंजा उघडून मिटला. "पन्नास वर्सं हात दुखत हुता."

"आणि आता लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की. तू पहिला मरतो म्हणालास न्हवं? बघ. मेलोय का?"

सम्मेद त्यांच्याशेजारी बाकड्यावर बसला.

"तुझा दुसरा कोण हुता?" वस्तादांनी विचारलं.

"कसला दुसरा?"

"तू पहिला आलास तवा, तुझ्या मागं."

सम्मेदला आठवायची गरज नव्हती. पहिल्या राष्ट्रीय शर्यतीत शेवटच्या चढावर तो माणूस बराच वेळ त्याच्या चाकाला चिकटून होता. मग सुटला. सम्मेदनं मागं वळून पाहिलं होतं. त्या माणसाचं तोंड उघडं होतं आणि डोळ्यांत नुसतं आश्चर्य होतं.

"तुषार वाघमोडे. आटपाडीकडचा. त्या शर्यतीनंतर त्यानं सायकलच सोडली."

"जित्ता हाय?"

"हो."

"मग तू माझ्यापरीस नशीबवान."

वस्तादांनी चहा संपवला. कागदांवर सही केली नाही. सम्मेदनंही पुन्हा मागितली नाही.

तीन दिवसांनी सम्मेद आटपाडीला गेला.

तुषार वाघमोडे दूध गोळा करणारी गाडी चालवायचा. तो एका वस्तीवर कॅन चढवत होता. अंगानं भरला होता, पण पोटऱ्या अजून सायकलस्वाराच्या होत्या. सम्मेदला पाहून त्याला मनापासून आनंद झाला.

"अरे चॅम्पियन! इकडं कुठं?"

सम्मेदनं वाटभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"ती शर्यत तुझी होती," तो म्हणाला. "मी औषध घेऊन आलो होतो."

तुषारच्या हातात कॅनचं झाकण होतं. ते त्यानं हळूच बसवलं. दाबलं. पुन्हा दाबलं.

सम्मेद शिवीची वाट पाहत होता. गुद्द्याचीही.

"त्या दिवशी मी आयुष्यातला सगळ्यात चांगला चढ चढलो होतो," तुषार म्हणाला. "आतून कळतं ना ते? पाय नुसते गात होते. आणि तू असा निघून गेलास, जसा मी उभाच होतो. तेव्हा वाटलं, माझं सगळ्यात चांगलं जर एवढंच असेल... तर आपण या कामाचे नाही. घरी येऊन सायकल माळ्यावर टाकली."

तो गाडीच्या फळीवर बसला.

"पदक गेल्याचं काही नाही रे. सात वर्षं मी माझ्याच पायांवर रागावलोय."

मग तो रडला. सम्मेद समोर उभा राहिला. जवळ जायचा आपला हक्क नाही, हे त्याला कळत होतं आणि निघून जायचाही नाही. दुधाची गाडी त्या दिवशी पाऊण तास उशिरा पोचली.

समितीची बैठक पुण्यात होती. लांब टेबल, पाच सभासद, भिंतीलगत पत्रकार. सम्मेदनं सगळी कलमं वाचली. जन्माची बंदी आणि आणखी दोन कलमं त्यानं खोडली होती. तिथं लिहिलं होतं, नव्वद दिवसांत जो स्वतःहून येऊन खरं सांगेल, त्याला शिक्षा कमी. जो औषधाला नकार देईल, त्याला हंगाम संपेपर्यंत संघातून काढता येणार नाही. बंदी खेळाडूइतकीच डॉक्टरवर आणि प्रशिक्षकावर.

सभासद माना डोलावत होते.

"बावीस झाली," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उत्तम काम."

"तेविसावं आहे," सम्मेद म्हणाला.

ते कागदावर नव्हतं. त्यानं तोंडी सांगितलं. स्वतःचं नाव, गाव, वर्षं, औषध, डॉक्टरचं नाव. तीन पदकं पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. त्यातल्या एकापुढं तुषारचं नाव सांगितलं.

पत्रकार उठले, खुर्च्या पडल्या. अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "मगदूम, तुम्हांला आता प्रतिनिधी म्हणून इथं बसता येणार नाही."

"ठाऊक आहे," सम्मेद म्हणाला. तो उठला तेव्हा त्याची पाठ सरळ होती.

जे जाईल म्हणून तो घाबरला होता, ते सगळं गेलं. दोन वर्षांची बंदी. नोकरी गेली. गावच्या वेशीवरची कमान ज्यांनी उभारली त्यांनीच उतरवली. वडील पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी ताटात भाकरी वाढताना म्हणाले, "जेव. खाली बघून जेवू नको."

नव्वद दिवसांची मुदत समितीनं लगेच लागू केली. तिच्यात मात्र भलतंच घडलं. पहिला महिना कुणीच आलं नाही. मग नाशिककडचा एक जण आला. मग एकदम तिघे. शेवटच्या आठवड्यात दोन प्रशिक्षक आले. मुदत संपली तेव्हा चौदा नावं झाली होती. युरोपातल्या ज्या डॉक्टरचं नाव सम्मेदनं सांगितलं होतं, तो इथल्या खेळाडूंनाही औषध पाठवायचा; त्यांतल्या सहा जणांच्या तोंडी तेच नाव होतं. त्या डॉक्टरला खेळाची दारं बंद झाली. समितीनं बावीसच्या बावीस कलमं मान्य केली. पुढच्या राष्ट्रीय शर्यतीतल्या वेळा मागच्या दहा वर्षांतल्या सगळ्यात संथ होत्या आणि शेवटच्या चढावर सात जण एकत्र होते. लोक रस्त्यावर उभे राहून ओरडत होते.

सम्मेदनं आठ महिने सायकलला हात लावला नाही.

एका शनिवारी तुषारचा फोन आला.

"उद्या आंबेखोल चढायचा का?"

"तू सायकल चालवतोस?"

"चार महिने झाले. माळ्यावरून काढली. येतोस का ते बोल."

रविवारी सकाळी दोघं घाटाखाली भेटले. जास्त बोलले नाहीत. पहिली तीन वळणं चाकाला चाक लावून चढले. चौथ्याला तुषारनं गियर बदलला आणि एकदा वळून पाहिलं. सम्मेदनं मान हलवली, जा.

तुषार गेला.

उरलेला घाट सम्मेद एकटा चढला. पूर्वी असं व्हायचं नाही. पूर्वी पाय दुखायच्या आधीच घाट संपायचा. आज प्रत्येक वळण समोर येऊन उभं राहत होतं. मांड्या जळत होत्या, तोंडाला लोखंडाची चव येत होती. नवव्या वळणावर एका टेम्पोवाल्यानं वेग कमी केला आणि मागची फळी दाखवून खूण केली, धर.

सम्मेदनं हसून हात हलवला. टेम्पो पुढं गेला.

माथ्यावर पोचला तेव्हा त्याला सायकलवरून उतरता येईना. तुषारनं धरून उतरवलं. तो रस्त्याच्या कडेला ओणवा झाला, ओकला, आणि तसाच ओणवा असताना हसायला लागला. तुषारलाही हसू आवरेना.

वस्ताद शेडच्या दारात बसले होते. आता त्यांच्याकडं येणारी माणसं कमी झाली होती. जी येत, ती जास्त वेळ बसत.

सम्मेद लंगडत त्यांच्यापर्यंत गेला. समोर जमिनीवर बसला. श्वास खाली यायला वेळ लागला.

"छत्तीस मिनिटं लागली, वस्ताद," तो म्हणाला. "पूर्वी एकतीस लागायची."

वस्तादांनी त्याच्याकडं पाहिलं. घामाकडं, थरथरणाऱ्या पायांकडं, चेहऱ्याकडं. 

...

"लई लवकर आलास. मला पन्नास वर्सं लागली."